चुडेलीचे पाय

माझे वडील धुळ्याला शाळामास्तर होते. भूत नसतं, हे त्यांनी आम्हा भावंडांकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. पांझरेच्या काठाने संध्याकाळी फिरायला नेत आणि कुठे काही हललं की थांबवून विचारत, "काय असेल ते, सांगा बरं?" बांधाला अडकलेली चिंधी, घुबड, नाहीतर कुणाची सुटलेली शेळी, यांपैकी काहीतरी निघायचंच. त्यामुळे लग्न होऊन मी रावेर तालुक्यातल्या केळीवाल्या गावात आले, तेव्हा माझ्याबरोबर दोन ट्रंका होत्या आणि भुताची भीती मात्र नव्हती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. म्हाताऱ्या नव्हत्या त्या. चाळिशीला जेमतेम टेकल्या असतील. उंच, सडसडीत, चालायला चपळ. केळीच्या बागेत पाण्याच्या पाटावरून चालल्या की मागे आम्हाला पळावं लागे. बोलणं कमी. त्यांची बोली पहिल्या वर्षी मला नीट कळत नसे. धुळ्याकडची अहिराणी माझ्या कानावरून गेलेली होती, पण ही तिच्याहून वेगळी. मला ऐवजी 'मले', माझा ऐवजी 'माहा', आणि जळगावचं तर सरळ 'जयगाव'. मी पुस्तकी मराठीत काही बोलले की त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहत आणि मग म्हणत, "बरं." माझं बोलणं कळलं की नाही, त्याचा पत्ता लागत नसे.

स्वातंत्र्याला आठेक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. कार्तिक लागला आणि विहिरीवरच्या इंजिनाचा दांडा मोडला. तो जळगावला एका कारखान्यात दुरुस्तीला टाकला होता. आणायला आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, एकादशीच्या दिवशी निघाले. त्या दिवशी जळगावात रथ असतो. आत्याबाई आदल्या संध्याकाळी गोठ्यात धार काढता काढता म्हणाल्या, "मी बी येते. रथ पाहीन. सूनबाई बी येईन." त्या स्वतःहून कुठे जायचं म्हणाल्या, असं त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच झालं. मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांनी नुसती मान वर करून पाहिलं.

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही तिघं गेलो. हे आम्हाला रथाच्या वाटेवर सोडून कारखान्याकडे गेले. "चार वाजता स्टेशनावर या, उशीर करू नका," एवढं मला बजावून गेले.

रथ आम्ही पाहिला. लाकडी, उंच, झेंडूच्या माळांनी भरलेला. दोरांना शेकडो माणसं लागलेली. वळणावर आला की चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून माणसं त्याला वळवत होती, आणि दरवेळी मला वाटे, आता कुणाचा तरी हात सापडणार. आत्याबाईंनी हात जोडले, कडेला एकीकडून झेंडूचं फूल मागून घेतलं आणि पदराला बांधलं. मग गर्दीबरोबर आम्ही जत्रेच्या मैदानात आलो. पाळणे, बांगड्यांची दुकानं, लाकडी बैलगाड्या, गोडीशेवेचे पिवळे ढीग. आम्हा दोघींना उपास, म्हणून शेव घरी न्यायला बांधून घेतली आणि आम्ही भुईमुगाच्या शेंगा खात हिंडू लागलो.

मैदानाच्या टोकाला काळ्या कापडाचा एक लांबट तंबू होता. बांबूंवर ताणलेलं कापड, जागोजागी ठिगळं. दर्शनी बाजूला एक रंगवलेला फळा. त्यावर हाडांचा सापळा, पेटीतून बाहेर येणारा हात, आणि मधोमध केस सोडलेली पांढऱ्या लुगड्यातली बाई. वर मोठ्या अक्षरात 'भूतबंगला', आणि खाली, कमजोर काळजाच्या माणसाने आत येऊ नये. दाराशी एक वाळका माणूस पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून ओरडत होता. बऱ्हाणपूरकडचा असावा, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलत होता. तरुण पोरं एकमेकांना ढकलत आत शिरत होती आणि दुसऱ्या टोकाने ओरडत, हसत बाहेर पडत होती. बाया लांबूनच बघत होत्या.

मी पुढे गेले. जरा वेळाने लक्षात आलं की आत्याबाई बरोबर नाहीत. मागे वळून बघते तर त्या भूतबंगल्याच्या फळ्यासमोर उभ्या. शेंगा मुठीत तशाच. त्या रंगवलेल्या बाईकडे त्या अशा बघत होत्या, जशी आपण ओळखीच्या माणसाची तसबीर बघतो.

"चला ना आत्याबाई."

"आत जाऊ," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. "एकादशीच्या दिवशी भूत बघायचं?"

"भुतं काय एकादशीचा उपास धरतात?" त्या म्हणाल्या, आणि दाराकडे चालू लागल्या.

कर्णेवाल्याने आम्हाला बघून कर्णा खाली घेतला. "अक्का, आत अंधेरा आहे. भिणार तर नाही?"

"पाहू तं द्या," आत्याबाई म्हणाल्या.

आत खरोखरच काळोख होता. बाहेर दुपारचं ऊन असल्यामुळे तो जास्तच वाटला. पायाखाली भुसा टाकलेला. वरून दोरे सोडलेले, ते कोळिष्टकासारखे तोंडाला लागत. आमच्यापुढे कॉलेजातली दोन पोरं होती. पहिल्या वळणावर लाकडाचा सापळा दोरीला हिसका बसून नाचला. दुसऱ्या ठिकाणी एका मेजावर परातीत नुसतं मुंडकं ठेवलेलं, आणि ते डोळे मिचकावत होतं. मी वडिलांची लेक. लगेच आत्याबाईंच्या कानाशी लागले, "खाली आरसा लावलाय. माणूस मेजाखाली बसलेला असतो."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष पुढे होतं.

पुढे पेटीतून ओला हात आला. मागे कुणीतरी रिकामा डबा बडवला. पोरं किंचाळली. आणि मग शेवटच्या वळणावर, लिंबाची फांदी रोवलेली होती तिच्यामागून, ती आली. पांढरं लुगडं, मोकळे केस, तोंडाला पांढरं फासलेलं, हातात हनुवटीखाली धरलेला कंदील. तिने अशी काही किंकाळी फोडली की पुढची दोन पोरं मला जवळजवळ तुडवून पळाली. खरं सांगायचं तर मीही आत्याबाईंचा पदर धरला. भूत नसतं हे माहीत असणं आणि अंधारात बाईची किंकाळी ऐकणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आत्याबाई हलल्या नाहीत. त्या वाकल्या. पुरत्या कमरेत वाकून त्यांनी त्या बाईच्या लुगड्याच्या काठाखाली बघितलं.

"व बाई," त्या म्हणाल्या, "तुहे पाय तं उलटे नहीत."

चुडेल गोंधळली. पुन्हा एकदा किंचाळली, पण या वेळी अर्ध्यातच थांबली.

"चुडेलीचे पाय उलटे राहतात. टाचा पुढे, बोटं मागे. तुले कोणी सांगतलं नही?"

"माय, पुढं व्हा," चुडेल हळूच म्हणाली. आवाज अगदी कोवळा होता. "मागून लोक येऊन राहिले."

बाहेर उन्हात आल्यावर मला हसू आवरेना. आत्याबाई मात्र गंभीर होत्या. त्या सरळ कर्णेवाल्याकडे गेल्या. "तुमची चुडेल चुकली," म्हणाल्या.

त्याला वाटलं, भांडायला आल्या. पण त्यांनी पायांचं सांगितलं तसा तो कर्णा काखेत मारून ऐकू लागला. धंद्याचा माणूस होता, कामाची गोष्ट त्याला लगेच कळली. "अक्का, तुम्ही पाहिली आहे का खरी?"

"नही पाह्यली. म्हणून तं आली," आत्याबाई म्हणाल्या.

तो हसला. पण मी हसले नाही, कारण ते त्या थट्टेत बोलल्या नव्हत्या. मग दोघांची तिथेच मसलत झाली. उलटे पाय करायचे कसे? तो म्हणाला, लाकडाचे करवून घेऊ. आत्याबाई म्हणाल्या, लाकूड कशाला, जुने बूट घ्या, टाच पुढे येईल असे नडगीला बांधा आणि लुगडं जरा आखूड नेसवा. पायाला राख फासा. "आन तिले म्हणा, ओरडू नको. चुडेल ओरडत नही. ती हाक मारते."

"हाक? कुणाला?"

"ज्याले मारायची त्याले," त्या म्हणाल्या.

त्याने आग्रह केला, तासाभराने परत येऊन बघून जा, तुमच्याकडून काही घेणार नाही. मी घड्याळ बघायला लागले. तिथे जवळ एका दुकानात टांगलेलं होतं. दोन वाजून गेले होते. पण आत्याबाईंना आता जत्रेत रस उरला नव्हता. बांगड्या दाखवल्या, बघितल्या नाहीत. पाळण्यात बसू म्हटलं, नको म्हणाल्या. सारख्या त्या काळ्या तंबूकडे वळून बघत होत्या. मी एकदा विचारलं, "तुम्हाला हे सगळं खरं वाटतं का, आत्याबाई?" त्या म्हणाल्या, "तुह्या बापाले काय वाटतं?" मी म्हटलं, "ते म्हणतात, नसतं." "त्यांनी शोधून पाह्यलं व्हतं का?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही.

तासाभराने आम्ही पुन्हा आत शिरलो. सापळा नाचला, मुंडक्याने डोळे मिचकावले. ओळख झाल्यासारखं वाटलं. शेवटचं वळण आलं. लिंबाची फांदी होती, खाली कंदील ठेवलेला होता, पण चुडेल नव्हती. आम्ही थांबलो. आणि तेवढ्यात मला लहान मुलाचं रडणं ऐकू आलं. अगदी तान्ह्या मुलाचं, चिरकं, थांबून थांबून येणारं.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. त्या श्वास रोखून ऐकत होत्या. रडणं थांबलं. मग त्यांनी माझा हात सोडला, फांदी बाजूला केली आणि मागचं काळं कापड उचललं.

मागे दोन-तीन हात जागा होती. वरच्या ठिगळातून उन्हाची एक तिरीप येत होती. आमच्याकडे पाठ करून, मोकळे केस पाठीवर टाकलेली ती पांढरी बाई खाली मांडी घालून बसली होती आणि मुलाला पाजत होती. नडगीला बांधलेले जुने बूट टाचा वर करून दोन्ही बाजूंना बाहेर आले होते. पायाला राख फासलेली. चाहूल लागली तशी तिने दचकून मान वळवली. पांढरं फासलेलं तोंड, घामाने गालावर ओघळलेलं. असेल सतरा-अठरा वर्षांची. मुलाला तिने पदराखाली घट्ट ओढून घेतलं.

"जाते माय, आत्ता उठते," ती घाबरून म्हणाली. "भुकेलं व्हतं म्हणून बसली. मालकाला सांगू नका."

आत्याबाई कापड हातात धरून नुसत्या उभ्या. मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय. मी त्यांच्या दंडाला धरलं.

मग त्या हळूच खाली बसल्या. तिच्याशेजारी, भुशात. "पाज," त्या म्हणाल्या. "त्याले पोटभर पाज. भिऊ नको. तुले कोणी इथून उठवणार नही."

मागून येणाऱ्या लोकांना काय दिसलं असेल कोण जाणे. फांदीजवळ मीच तेवढी उभी होते. दोन-तीन जण आले, माझ्याकडे घाबरून बघत पुढे गेले. त्यांना मीच चुडेल वाटले असेन.

मूल झोपलं. मुलगी होती ती. कर्णेवाला त्या पोरीचा सासरा निघाला, आणि मेजाखालचं मुंडकं तिचा नवरा. मुलगी दीड महिन्याची. एरवी कर्णेवाल्याची बायको तिला सांभाळायची, पण ती तापाने पडली होती. आत्याबाईंनी मुलीला आपल्याकडे घेतलं. "जा, तुहं काम कर. मी बसते घेऊन," म्हणाल्या. आणि खरोखरच तंबूच्या मागच्या बाजूला, बैलगाडीच्या सावलीत, त्या अनोळखी मुलीला मांडीवर घेऊन बसल्या. पदराला बांधलेलं झेंडूचं फूल सोडून तिच्या दुपट्यावर ठेवलं. आतून चुडेलीची हाक येत होती. आता ती किंचाळत नव्हती. लांबून, एक सूर धरून "ये गं, ये गं" म्हणत होती, आणि पोरं पहिल्यापेक्षा दुप्पट ओरडत होती.

चार वाजून गेले. मी दोनदा आठवण केली. आत्याबाई म्हणाल्या, "गाडी दुसरी येईन." शेवटी हे आम्हाला शोधत मैदानात आले. खांद्यावर पोत्यात बांधलेला इंजिनाचा दांडा, कपाळावर आठ्या. आपली आई भूतबंगल्याच्या मागे कुणाचं तरी मूल घेऊन बसलेली पाहिल्यावर त्या आठ्या गेल्या आणि तोंड उघडंच राहिलं. "हे काय, माय?"

"काही नही," त्या म्हणाल्या. "झोपलेलं आहे, हळू बोल."

स्टेशनावर आलो तेव्हा आमची गाडी सुटली होती. पुढच्या गाडीला दीड तास होता. हे दांड्याचं पोतं आमच्याजवळ ठेवून बाहेर ओळखीच्या माणसाकडे गेले. आम्ही दोघी फलाटावर बाकावर बसलो. ऊन उतरलं होतं. आत्याबाई स्वतःच बोलू लागल्या. इतकं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मला त्यातलं प्रत्येक वाक्य आठवत नाही, पण गोष्ट आठवते.

त्या दोघी बहिणी. आई लहानपणीच गेलेली. मोठीचं लग्न आमच्या घरात झालं, माझ्या मामंजींशी. तिचे दिवस भरले तेव्हा माहेरी करणारं कुणी नाही, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं आणि मदतीला धाकटीला, म्हणजे आत्याबाईंना, धाडलं. त्या तेव्हा पंधरा वर्षांच्या. बाळ झालं आणि दुसऱ्या दिवशी बहीण गेली.

बाळंतपणात गेलेली बाई चुडेल होते आणि लेकराच्या ओढीने घराकडे येते, असं गाव मानायचं. ती येऊ नये म्हणून मसणवट्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत मोहरी टाकत आले. तिने दाणा न दाणा वेचल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, आणि वेचता वेचता कोंबडा आरवला की परत फिरायचं, असा नेम.

"मी दारात उभी राहून पाहत व्हती," आत्याबाई म्हणाल्या. "घरात लेकरू रडे. शेजारच्या बाईनं पाजलं, तरी रडे. मी म्हटलं, हिले येऊ काहून देत नहीत? हिचंच लेकरू आहे ना? दिवे लागायच्या आधी सारे नदीवर आंघोळीले गेले. मी केरसुणी घेतली आणि मोहरी झाडली. उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथून पुढे जायची हिंमत नही झाली. ओटीत भरली आन उकिरड्यावर टाकली."

"मग?"

"मंग काय? रोज रात्री लेकराले घेऊन दाराशी बसे. कडी काढून. मले भीती नही वाटली. माही बहीण, तिचं काय भ्यावं?"

"आल्या का त्या?" मी विचारलं. मास्तरांच्या मुलीने हे विचारलं याचं मला आज नवल वाटतं. पण त्या क्षणी मला ते खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"नही आली," आत्याबाई म्हणाल्या. "लय दिवस वाट पाह्यली. मंग मले तिचा राग आला. रस्ता मोकळा करून देला, दार उघडं ठेवलं, तरी येत नही. महिन्याभरात उकिरड्यावर मोहरी उगवली. पिवळी फुलं आली. गाव भ्यालं. म्हणे, कोणी पेरली? सासूनं उपटून टाकली. मी कोणाले सांगतलं नही. तुलेच सांगून राहिली."

वर्षाच्या आत त्यांचं लग्न बहिणीच्या नवऱ्याशी लावून दिलं. मूल सांभाळायला घरचंच माणूस बरं, म्हणून. नंतर त्यांना स्वतःच्या दोन मुली झाल्या. त्या माझ्या नणंदा. आणि ते मूल म्हणजे माझे यजमान.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. दोन वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

"आज तिले पाह्यलं ना," आत्याबाई म्हणाल्या, "पाठ फिरवून बसलेली, केस मोकळे, लेकरू पिऊन राहिलं... माहे पायच गेले. मले समजत व्हतं, की ही तंबूवाल्याची पोर आहे. समजत व्हतं, तरी मी म्हटलं, आली." मग नाक पुसून म्हणाल्या, "बूट मातर बरोबर बांधले व्हते तिनं."

त्यावर आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्या रडल्या की रडता रडता हसल्या, ते मला सांगता येणार नाही. गाडी आली तेव्हा आम्ही शेंगांची टरफलं झाडून उठलो.

घरी आल्यावर मी यजमानांना सगळं सांगितलं. ते कंदिलाजवळ बसून तो दांडा पुसत होते. त्यांना माहीत होतं की आपली जन्म देणारी आई वेगळी. मोहरीचं माहीत नव्हतं. ऐकता ऐकता त्यांनी दांडा पुन्हा पहिल्यापासून पुसला. नंतर खाली बघतच विचारलं, "ती दिसायला कशी होती, हे सांगितलं का मायनं?"

"तुम्ही कधी विचारलं नाही?"

"कसं विचारणार? तिला वाटलं असतं, आपलं करणं कमी पडलं."

पंचवीस वर्षांचा माणूस, आणि आपल्या आईबद्दल एक प्रश्न त्याने कुणालाच विचारला नव्हता. मामंजींना तर विचारायची सोयच नव्हती. म्हणून मग ते काम माझ्याकडे आलं. आत्याबाई आणि मी डाळ पाखडायला बसलो, कपाशी वेचायला गेलो की मी एखादा प्रश्न घालायची. सहज विचारल्यासारखं. त्याही सांगायच्या. बहीण बुटकी होती. डावरी होती, डाव्या हाताने भाकरी थापायची म्हणून सासू ओरडायची. गाणं येत नव्हतं, पण ओव्या मोठ्याने म्हणायची. वांग्याचं भरीत तिला आवडत नव्हतं, आणि आमच्या भागात ही गोष्ट गावभर व्हायला पुरेशी होती. विहिरीत वाकून बघायची खोड होती. रात्री मी हे सगळं यजमानांना सांगायची. ते ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवसासाठी नवीन प्रश्न देत. रंग कसा होता? आवाज कसा? मी पोटात असताना काय खावंसं वाटत होतं? डावरी होती हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःचा डावा हात उलटसुलट करून बघितला. ते उजवेच होते. जरा हिरमुसले.

असे दोन-तीन महिने गेले. केळीचे घड रेल्वेत चढवायचे दिवस होते, घरात वेळ कुणाला नव्हता, तरी हे चालू राहिलं. माझी मलाच गंमत वाटे. वडिलांनी मला नसलेल्या गोष्टी ओळखायला शिकवलं होतं, आणि मी इथे एका न पाहिलेल्या बाईचा एकेक कण गोळा करत होते. तिचं नाव आत्याबाईंनी मला सांगितलं, त्या घरात ते पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा उच्चारलं गेलं. ते मी इथे लिहीत नाही.

एका सकाळी आत्याबाई अंगणात तूर निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, "त्यांना थंडी सोसायची का हो?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "हे तुहं नही," त्या म्हणाल्या. "तुले माह्या बहिणीच्या थंडीचं काय करायचं? तो इचारायले लावतो."

मी तुरीतला एक खडा उचलला.

"त्याले म्हण, सोता ये."

मी आत गेले. ते शेतावर निघायच्या तयारीत होते, पायात एक वहाण घातलेली. मी निरोप सांगितला. ते तसेच एका वहाणेने बाहेर आले आणि अंगणात त्यांच्यासमोर उकिडवे बसले, लहान मूल बसतं तसे. आत्याबाईंनी तुरीचं सूप दोघांच्या मध्ये सरकवलं. ते खडे वेचू लागले.

"माय," शेवटी ते म्हणाले, "ती मले काय नावानं हाक मारायची?"

"तुले?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी थोडा विचार केला. "एकच दिवस तं भेटला तू तिले. नाव कुठे ठेवलं व्हतं तुहं? चोर म्हणे तुले. मुठी घट्ट आवळून आला व्हता ना, म्हणून. म्हणे, पाहा वं, हा चोर काय लपवून घेऊन आला."

यजमानांनी खडे वेचायचं थांबवलं. मी आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं. दोघं तिथेच बसून राहिले, आणि त्या दिवशी केळीला पाणी द्यायला दुपार झाली.